कॅमेरा घ्यावा तो काम पाहून



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराईचे वारे वाहू लागतात. त्याच सुमारास कॅमेऱ्याच्या दुकानांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो, "यातला सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता?" विचारणारा कधी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण असतो, उसाच्या बिलातले पैसे वडिलांनी त्याच्या हाती दिलेले असतात. कधी लोकवर्गणी जमवून आलेले गुरुजी असतात, तर कधी दूध संस्थेचे किंवा यात्रा कमिटीचे कोणी. पैसा सगळ्यांचाच कष्टाचा. आणि दुकानदार जो कॅमेरा दाखवतो तो बहुधा त्याच्याकडे पडून असलेला किंवा सर्वांत महागडा असतो.

आता मला सांगा, आपल्यापैकी कोणी शेतकरी अवजारांच्या दुकानात जाऊन "सगळ्यात चांगले अवजार कोणते?" असे विचारतो का? नाही विचारत. नांगरटीला नांगर लागतो, ढेकळे फोडायला कुळव लागतो, पेरणीला पाभर लागते आणि तण काढायला कोळपे. नांगर कितीही भारी किमतीचा असला तरी त्याने कोळपणी होत नाही. कॅमेऱ्याचेही अगदी तसेच आहे. आधी काम ठरवावे, मग अवजार. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. पण ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपण सवयीने ज्याला नगर जिल्हा म्हणतो तिथल्या, खऱ्याखुऱ्या कामांवरून सांगणार आहे.

पहिली गोष्ट फार जुनी आहे. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पुढे १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी त्यांनी काय केले? कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रण केले. रोज थोडे थोडे चित्र घ्यायचे, आणि शेवटी सगळे सलग दाखवायचे. बी रुजते, कोंब वर येतो, वेल वाढतो, हे काही मिनिटांत डोळ्यांसमोर घडते. ते पाहून त्यांना भांडवल मिळायला मदत झाली. एक कॅमेरा, एक कुंडी आणि नेमके ठरवलेले काम. आजही आपण शेतातल्या पिकाचे असे चित्रण साध्या मोबाईलने करू शकतो. फाळक्यांजवळ होती ती कामाची नेमकी जाण. तेवढी मात्र दुकानात मिळत नाही.

कॅमेरा घेण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. मला काय टिपायचे आहे? तिथे उजेड किती असेल? आवाज किती महत्त्वाचा आहे? चित्र शेवटी कुठे दाखवले जाणार, मोबाईलवर, दूरचित्रवाणीवर की चित्रपटगृहात? आणि हे ओझे वाहणार कोण, मी एकटा की चार माणसे? या पाचांची उत्तरे कागदावर लिहून काढली, तर निम्मी निवड तिथेच होते.

उत्तरे पडताळून पाहायला दोन-चार शब्दांची ओळख हवी. एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके; एकूण सुमारे २१ लाख. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके, बरोबर चौपट. आता चौपट ठिपके म्हणजे चौपट चांगले चित्र असे वाटणे साहजिक आहे. पण लग्नाची चित्रफीत पाहुणे मंडळी हातातल्या मोबाईलवर पाहणार असतील, तर तेवढ्याशा काचेवर हा फरक डोळ्याला जाणवत नाही. फोर-केचा एक खरा उपयोग आहे: मोठ्या चित्रातला तुकडा कापून घेता येतो. म्हणजे एका कॅमेऱ्याने सबंध मंडप टिपला तरी नंतर त्यातून नुसते वधूवर वेगळे काढता येतात. ज्याला हे करायचे आहे त्याने फोर-के घ्यावा. बाकीच्यांना उत्तम एचडी पुरते.

दुसरा शब्द सेन्सर. भिंगातून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो ती ही चकती. अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी घमेले ठेवले, तर एकाच पावसात घमेल्यात जास्त पाणी साठते. तसेच सेन्सरचे. एक इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो, आणि फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढून पाहा, जवळजवळ साडेसात पट भरते. म्हणून कमी उजेडात मोठा सेन्सर बाजी मारतो. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. मोठ्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद असतो. भिंगाचे तोंड पूर्ण उघडले तर नवरी स्पष्ट दिसते आणि हातभर मागे उभा असलेला नवरदेव अंधुक होतो. सिनेमात हे सुंदर दिसते. धावपळीत एकट्याने काम करणाऱ्याच्या मात्र ते जिवावर येते. शिवाय मोठ्या सेन्सरला दूरचे जवळ आणणारे भिंग हवे असेल, तर ते हातभर लांब आणि धोंड्यासारखे जड होते.

आता कामांकडे वळू.

पहिले काम लग्न, यात्रा आणि कीर्तन. यांत घटना आपल्यासाठी थांबत नाही. अक्षता एकदाच पडतात; "जरा थांबा, कॅमेरा लावतो" असे म्हणायची सोय नसते. इथे एकसंध, न बदलणाऱ्या भिंगाचा, खांद्यावर किंवा हातात धरायचा कॅमकॉर्डर बरा. एकाच भिंगात रुंद मंडपही मावतो आणि दूरवरचा चेहराही येतो. सेन्सर एक इंचाचा किंवा त्याहून थोडा लहान असला तरी चालतो. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाच्या यात्रेत भंडारा कसा उधळतात ते आपण पाहिले आहे. त्या पिवळ्या धुरळ्यात जो भिंग बदलायला कॅमेरा उघडेल, त्याच्या सेन्सरवर भंडारा बसलाच म्हणून समजा. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेतली धूळही तशीच. म्हणून जिथे गर्दी, गुलाल, भंडारा आहे तिथे न उघडणारा कॅमेरा न्यावा.

कीर्तनासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. फोटोच्या बनावटीचे, पण चित्रणही करणारे जे कॅमेरे मिळतात, त्यांपैकी बऱ्याच जुन्यांचे चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप बंद होते. महाराजांचा अभंग नेमका रंगात यावा आणि कॅमेरा थांबावा, असे होते. घेण्याआधी दुकानातच सलग तासभर चालवून पाहावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा असे लहान अंगाचे कॅमेरे फोर-के चित्रण करताना तापून बंद पडतात, हेही ध्यानात असू द्या. दुसरी गोष्ट आवाजाची. कीर्तनाचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवरून तारेने थेट कॅमेऱ्यात घ्यावा. त्यासाठी कॅमेऱ्याला तीन पिनांचे, एक्सएलआर म्हणतात ते, तोंड हवे. तिथे 'लाइन' आणि 'माईक' असे बटण असते. मिक्सरचा आवाज लाइनवर घ्यायचा. माईकवर ठेवला तर आवाज फाटतो आणि मग तो कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांना एक खूण सांगतो. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की चित्राचा अर्धाच भाग पांढरा झालेला कधी कधी दिसतो. त्याचे कारण असे की आजचे बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात; फ्लॅश मधेच उडून गेलेला असतो. हे वाचन ज्या कॅमेऱ्यात जलद होते त्यात हा दोष कमी. दुकानात कॅमेरा भराभर डावीकडून उजवीकडे फिरवून पाहा. समोरचा खांब तिरका दिसला, तर वाचन मंद आहे असे समजावे.

दुसरे काम म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, गाणी, ओव्या जपून ठेवण्याचे. माझ्या मते आपल्या खेड्यांना आज याचीच सर्वांत निकड आहे. लग्न उद्याही होईल. पण जात्यावर बसून ओवी गाणारी आजी उद्या असेलच असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ध्वनिफितींवर टिपल्या गेल्या. पुढे 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताचे लोकदालन, या संस्थेने २०१७ पासून तो ठेवा लोकांपुढे आणला आणि त्यासाठी गावांत पुन्हा जाऊन काही गाणाऱ्या बायांचे चित्रणही केले. यातून शिकण्यासारखे हे, की आधी आवाज राखला गेला म्हणून ओवी राहिली. नुसते चित्र राखले असते आणि आवाज गेला असता, तर हाती काय उरले असते?

म्हणून या कामाला कॅमेरा मध्यम असला तरी चालेल, पण माईक चांगला हवा. आवाजाचा एक साधा हिशेब आहे: अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोचणारी शक्ती चौथाई होते. कॅमेऱ्यावरचा माईक आजीपासून सहा-सात हात लांब असतो. त्यात शेजारची मोटार, कोंबड्या, पत्र्यावरचा वारा सगळे येते आणि आजी राहून जाते. पदराला किंवा गळ्याशी लावायचा लहान माईक वीतभर अंतरावर असतो. जात्याची घरघरही हवी असेल, तर दुसरा माईक जात्याशेजारी ठेवावा. दोन्ही आवाज वेगवेगळे साठवता येतील असा कॅमेरा किंवा छोटा ध्वनिमुद्रक घ्यावा. उघड्यावर माईकला केसाळ टोपी घालावी, नाही तर वाराच बोलतो. आणि कानांवर हेडफोन चढवल्याशिवाय चित्रण सुरू करू नये. आपल्या कानाला जे सवयीने ऐकू येत नाही, ते माईकला ऐकू येत असते. सुरुवात करण्याआधी आजीला, "हे कुठे दाखवणार, कशाला घेतोय," हे सरळ सांगून तिची परवानगी घ्यावी. तिचे गाणे आहे, मालकी तिचीच.

तिसरे काम शेतीचे आणि पाणलोटाचे. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी ही आपली गावे पाणी अडवण्याच्या कामामुळे साऱ्या देशाला माहीत झाली. अशा कामात एका दिवसाच्या चित्राला फारसा अर्थ नाही. नाल्याला बांध घातला त्या दिवशी काय दिसते? माती आणि दगड. पाऊस पडल्यावर, दिवाळीत आणि पुन्हा वैशाखात तोच नाला, तीच विहीर दिसली पाहिजे. यासाठी महागडा कॅमेरा कशाला? बांधावर एक खुंटी ठोकावी, तिच्यावर तिकाटणे, म्हणजे ट्रायपॉड, ठेवून ठराविक महिन्यांत, ठराविक वेळी, त्याच दिशेने दोन मिनिटे चित्रण करावे. भिंगाचा झूम किती होता तेही वहीत टिपून ठेवावे. पाच वर्षांनी ग्रामसभेत ते एकापाठोपाठ एक दाखवले, तर भाषणाची गरज उरणार नाही. कृषी विद्यापीठाचे प्रयोग असोत की शेतकऱ्याची स्वतःची पद्धत असो, बोटांनी केलेले बारीक काम, कलम कसे बांधले, रोगाचा ठिपका पानावर कुठे आला, हे दाखवायचे तर अगदी जवळून स्पष्ट दिसेल असे भिंग हवे. तेवढे एक पाहून घ्यावे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणे जपतात, हे आपण जाणता. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावरचा 'सीड मदर' हा अच्युतानंद द्विवेदी यांचा तीनेक मिनिटांचा लघुपट २०१९ साली फ्रान्समध्ये कान्स येथे नेस्प्रेसो टॅलेंट्स या स्पर्धेत तिसरा आला. ही स्पर्धा उभ्या चौकटीच्या, म्हणजे मोबाईल हातात धरतो तशा उभ्या चित्रांची होती. इथे आपला चौथा प्रश्न आठवा: चित्र कुठे दाखवणार? मोबाईलवरच दाखवायचे ठरले, तर उभी चौकटही पत्करता येते आणि तीन मिनिटेही पुरतात.

चौथे काम रानातले. आपल्या जिल्ह्यात याची दोन टोके आहेत आणि त्यांना लागणारे कॅमेरे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट अभयारण्य आहे. काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. उजेड मात्र भरपूर, माळ मोकळा. इथे लहान सेन्सरचा आणि लांबवर पोचणाऱ्या झूमचा कॅमेरा हवा. एक इंची सेन्सरवर भिंग जवळजवळ पावणेतीन पट लांबचे काम देते. ३०० मिलिमीटरचे भिंग ८०० मिलिमीटरसारखे वागते. एवढ्या लांबून टिपताना हाताचा किंचित कंपही चित्रात भूकंपासारखा दिसतो, म्हणून वजनदार ट्रायपॉड आणि त्यावर तेलासारखे मऊ फिरणारे डोके हवेच. आणखी एक, दुपारी माळावरची तापलेली हवा थरथरते आणि चित्र पाण्यात पाहिल्यासारखे दिसते. त्याला कोणत्याही किमतीचा कॅमेरा इलाज नाही. सकाळी लवकर जावे.

आता भंडारदऱ्याकडे चला. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा यांच्या झाडांवर काजवे लखलखतात. इथे उजेड जवळजवळ नाहीच. रेहेकुरीचा कॅमेरा इथे आंधळा ठरतो. इथे मोठा सेन्सर हवा, भिंगाचे तोंड मोठे हवे, एफ १.४ किंवा १.८ चे, ट्रायपॉड हवा, आणि फोकस हाताने लावता आला पाहिजे. अंधारात आपोआप लागणारा फोकस भरकटतो. दिवा किंवा फ्लॅश लावायचा मोह टाळावा. काजव्यांचा तो प्रकाश जोडीदार शोधण्यासाठी असतो. आपल्या उजेडाने त्यांचे सारे बिघडते. आणि एक सांगून ठेवतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. छापून आलेल्या फोटोंत झाडभर हजारो ठिपके दिसतात, ते बहुधा कितीतरी मिनिटांचे फोटो एकावर एक बसवलेले असतात. चालत्या चित्रात तसे दिसणार नाही. त्यात दिसेल ती काजव्यांची लय, एकदम पेटणे आणि विझणे.

पाचवे काम शाळेचे. गुरुजन हो, हे खास आपल्यासाठी. वर्गातला पाठ, विज्ञानाचा प्रयोग किंवा स्नेहसंमेलन टिपायला शाळेने व्यावसायिक कॅमेरा विकत घ्यावा असे मला वाटत नाही. पाठासाठी एक बरा मोबाईल, एक ट्रायपॉड आणि गळ्याला लावायचा एक माईक एवढे पुरते. खिडकी पाठीमागे घेऊ नका, समोर किंवा बाजूला घ्या. नाही तर शिकवणारा काळा पडतो. आणि ही गोष्ट मुलांनाही समजावून सांगा: आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची आहे, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवर आणि तशाच शटरवर ठेवला, तर फळ्यावर पट्टे सरकताना किंवा उजेड फडफडताना दिसतो. २५ किंवा ५० चित्रे आणि शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंद ठेवले की पट्टे जातात. परदेशातून कोणी नातेवाइकाने कॅमेरा आणला असेल, तर त्यात ही २५ आणि ५० ची सोय आहे का ते आधी तपासा. वर्षातून एकदा येणाऱ्या स्नेहसंमेलनासाठी कॅमेरा भाड्याने आणावा, आणि वाचलेल्या पैशांत ग्रंथालयाला पुस्तके घ्यावीत.

सहावे काम कथेचे, म्हणजे लघुपट आणि चित्रपट. हे स्वप्न आपल्या जिल्ह्यात आता परके राहिलेले नाही. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ने ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळवला. या चित्रपटासाठी त्यांनी जमीन विकल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. त्याच चित्रपटाला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो कशाचा? जागेवर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा! मेंढरे, माळरान, वारा, माणसांची बोली, सारे तिथल्या तिथे टिपलेले. लघुपट काढायला निघालेल्या आपल्या पोरांनी हे कानाशी बांधून ठेवावे.

कथेच्या कामाला मोठा सेन्सर, बदलता येणारी भिंगे आणि रंग सावरण्याची सोय हवी असते. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ८ बिट आणि १० बिट असे लिहिलेले असते. ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिट म्हणजे १०२४. संध्याकाळचे आभाळ नंतर थोडे गडद करायचे झाले, तर २५६ पायऱ्यांच्या आभाळात पट्टे उमटतात. १०२४ मध्ये सहसा उमटत नाहीत. रंगावर नंतर काम करणार असाल तर १० बिट घ्या. लग्नाची चित्रफीत आठवड्यात द्यायची असेल, तर त्याचे काही अडत नाही. पण कथेसाठी कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नये. लघुपटाचे चित्रण चार-पाच दिवसांत होते. तेवढ्या दिवसांसाठी पुण्याहून भाड्याने आणावा, आणि हाती असलेले दिवस संहिता पक्की करण्यात घालवावेत.

आता व्यवहाराचे बोलू. समजा कॅमेरा दोन लाखांचा आहे आणि तसाच कॅमेरा रोजी दोन हजारांनी भाड्याने मिळतो. म्हणजे शंभर दिवसांचे काम हाती असेल तेव्हाच खरेदी परवडते. कॅमेरे लवकर जुने होतात, त्यांची किंमत घसरते. हे शंभर दिवस दोन वर्षांच्या आत भरले पाहिजेत. पहिली एक लग्नसराई भाड्याच्या कॅमेऱ्यावर काढावी. मग आपल्याला काय लागते ते आपले आपल्यालाच कळते. कर्ज काढून घेणाऱ्याने तर हा हिशेब घरच्यांसमोर, कागदावर करावा.

आणि सगळा पैसा कॅमेऱ्यात घालू नका. माझा ठोकताळा असा: शंभरांतले पन्नास कॅमेऱ्याला आणि भिंगाला, वीस आवाजाला, पंधरा ट्रायपॉडला आणि दिव्यांना, पंधरा बॅटऱ्या, कार्डे आणि साठवणीला. साठवणीचा खर्च लोक विसरतात. सेकंदाला ५० मेगाबिटने चित्रण केले, तर तासाला साडेबावीस जीबी जागा लागते. आठ तासांचे लग्न म्हणजे १८० जीबी! फोर-केमध्ये शंभर मेगाबिट धरले तर त्याच्या दुप्पट. म्हणून दोन कार्डे एकाच वेळी भरणारा कॅमेरा घ्यावा. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर काम शाबूत राहते. घरी आल्यावर तीन प्रती कराव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावी. बी-बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, हेही तसेच.

जुना कॅमेरा घेणाऱ्याला दोन शब्द. २००५ च्या आगेमागे फितीवर चित्रण करणारे एचडीव्ही कॅमेरे आले. ते आज फार स्वस्तात मिळतात. त्यांच्या फिती आणि त्या फिती चालवणारी यंत्रे आता मिळणे कठीण झाले आहे. स्वस्त म्हणून त्यांच्या मागे लागू नये. कोणताही जुना कॅमेरा घेताना तो किती तास चालला आहे ते पाहावे, भिंग उजेडात धरून आत बुरशीचे जाळे आहे का बघावे, आणि नवी बॅटरी बाजारात मिळते का ते विचारावे. अकोल्याच्या डांगाणात पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की चांगल्या भिंगालाही बुरशी धरते. तिथल्यांनी कॅमेरा हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. कातडी पिशवीत मुळीच ठेवू नये.

तर श्रोतेहो, दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. त्यावर लिहा: पुढच्या वर्षात मी कोणकोणती कामे करणार, किती दिवस करणार, कुठल्या उजेडात, आणि ते पाहणार कोण. तो कागद दुकानदारापुढे ठेवा आणि विचारा, "या कामाला काय लागेल?" दुकानदार जाणता असेल तर तोही खूष होईल. आणि खरेदी लांबली तरी काम लांबवू नका. आपल्या आळीत ओव्या म्हणणारी, दुष्काळाच्या आठवणी सांगणारी, जुन्या बियाण्यांची नावे जाणणारी जी माणसे आहेत, त्यांच्याकडे या रविवारी हाती असेल तो मोबाईल आणि एक साधा माईक घेऊन जा. चांगला कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळेल.